बाईची हजेरी

आमगावच्या आमच्या राईस मिलबद्दल मी आजवर लोकांना जे जे सांगितलं, त्यातलं निम्मं साफ खोटं आहे आणि उरलेलं निम्मं मी फुगवून सांगितलेलं आहे. मिलच्या मागे तुसाचा ढीग असायचा. तो एवढा उंच, की रेल्वेचे ड्रायव्हर स्टेशनची पाटी न बघता ढिगावरून गाडीचा वेग कमी करत, असं मी सांगायचो. नागझिऱ्याचा एक वाघ वाट चुकून आला, ढिगाला डोंगर समजून वर चढला, तीन दिवस तिथेच ऐटीत बसला आणि चौथ्या दिवशी अंगभर खाज सुटल्यामुळे रडत जंगलात परत गेला, हेही मीच सांगितलं. इतक्या जणांना सांगितलं की पुढे गोंदियाच्या एका पानठेल्यावर एका अनोळखी माणसानं ती गोष्ट मलाच ऐकवली, स्वतः पाहिल्यासारखी. वाघाच्या डोळ्यांत पाणी होतं म्हणाला. मीही 'असेल बा' म्हणत पान खाल्लं.

तर अशी माझी कीर्ती. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे त्याचं काम पडणार आहे.

मिल आमच्या वडिलांची. त्यांनी तिची खाजगी कंपनी केली आणि आम्हा तिघा भावंडांच्या नावानं सारखे शेअर्स लिहून दिले. तिघं म्हणजे बाई, दादा आणि मी. बाई ही आमची सगळ्यांत थोरली बहीण. आमच्याकडे थोरल्या बहिणीला बाईच म्हणतात. लग्न होऊन गेलेल्या मुलीला मिलमध्ये तिसरा हिस्सा दिला म्हणून गावात महिनाभर दुसरा विषय नव्हता. वडील म्हणाले, "पोरगी अन् पोरगा, माह्यासाठी दोघंही एकाच कोठारातले." आणि गेले. म्हणजे पुढल्याच वर्षी वारले.

बाई तेव्हा देवरीला. भाऊजी, म्हणजे तिचा नवरा, वनखात्याच्या लाकूड डेपोवर कारकून होते. मूलबाळ नव्हतं. कंपनीची तिसऱ्या हिश्श्याची भागधारक असून लग्नानंतर बाईनं मिलचं दार आतून पाहिलं नव्हतं.

आमचे कराचे वकीलसाहेब गोंदियाला बसायचे. हिंदी बोलायचे, मध्येच मराठी. एकदा त्यांनी दादाला आणि मला समोर बसवून समजावलं.

"देखो भाई. कंपनीला नफा झाला, की पहले कंपनी टॅक्स भरेगी. जे उरलं ते भागधारकांना वाटा. पण वाटलं त्याची कंपनीला सूट नाही. समझे?"

"समजलो," दादा म्हणाला. त्याला काही समजलं नव्हतं. त्याला मशीनचं सगळं समजायचं, कागदाचं काही नाही.

"अब पगार. तोच भागधारक कंपनीत काम करून पगार घेईल, तर तो पगार कंपनीचा खर्च. नफ्यातून वजा. कंपनीचा टॅक्स कमी. ज्यानं पगार घेतला तो आपल्या फॉर्मात दाखवेल, अन् त्याची कमाई कमी असेल तर त्याला टॅक्स जवळजवळ शून्य. ऊपर से पगारवाल्याला एक ठरलेली वजावट मिळते, कामावर जाण्या-येण्याच्या खर्चाबद्दल. अन् बाईमाणूस असेल तर आणखी सवलत."

शेवटच्या वाक्यावर ते माझ्याकडे बघून थांबले. मी लगेच ओळखलं. खोटं कुठे शिजतं आहे त्याचा वास मला फर्लांगभरावरून येतो.

"आमची बाई," मी म्हणालो.

"काम तो करती है ना?"

"म्हणजे काय! रोज देवरीहून बसने येते. वाळवणाचं सगळं तीच पाहते. तिच्याशिवाय धानाचा दाणा हलत नाही साहेब."

दादा माझ्याकडे बघत राहिला. वकीलसाहेबांनी डोळे मिटून घेतले आणि लिहिलं: सुपरवायझर, वाळवण विभाग. असा विभाग आमच्याकडे नव्हता. मिलमागे एक सिमेंटचं अंगण होतं. उकडलेलं धान तिथे पसरायचं आणि बायांनी पाय घसटत त्यातून फिरायचं, म्हणजे नांगरल्यासारख्या ओळी पडतात आणि खालचं धान वर येतं. हाच तो विभाग.

तेव्हापासून माझी देवरीची फेरी सुरू झाली. पगाराचा चेक बाईच्या खात्यात जमा व्हायचा. मी बँकेच्या कोऱ्या स्लिपांवर तिच्या सह्या घेऊन यायचो आणि पैसे काढून पुन्हा धानखरेदीत घालायचो. वर्षातून एकदा तिचा आयकराचा फॉर्म. त्या काळात 'सरल' नावाचा एका पानाचा फॉर्म होता. आमच्यासारख्यांच्या हातात पडून त्या नावाची काय गत झाली, ते त्यालाच ठाऊक.

बाई सातवी शिकलेली. वाचता येत असून वाचायची नाही, भाऊ सांगेल तिथे सही करायची. भाऊजी मात्र चहा पिता पिता फॉर्म वाचायचे आणि हसायचे.

"तुमच्या बाईचा पगार माझ्याहून जास्त झाला की सांगजा," ते मला म्हणाले होते. "मी नोकरी सोडीन अन् घरी भाकरी करीन."

एकदाच बाईनं फॉर्ममधल्या त्या वजावटीवर बोट ठेवलं. "हे काय होय?"

"कामावर जाण्या-येण्याचा खर्च."

"मी तं कोठीच जाऊन नाई राहिली. मंग खर्च कायचा?"

"बाई, कायद्याले तसंच पाहिजे."

"मले पाहू तरी दे ना एखाद्या दिवशी, मी कोठी कामाले जातो ते," ती म्हणाली. आम्ही तिघंही हसलो. भाऊजींना हसता हसता ठसका लागला होता, हे मला आठवतं, कारण पुढल्या पावसाळ्यात त्यांना तापाचं निमित्त झालं आणि तीन आठवड्यांत ते गेले. बाई ते तीन आठवडे त्यांच्या खाटेपासून हलली नव्हती. तेरवीनंतर मी तिला बसमधून आमगावला घेऊन आलो. एक ट्रंक, एक सिंगर-बिंगर नव्हे, साधी हातानं फिरवायची शिलाई मशीन, आणि भाऊजींची छत्री. बस्स.

ती आमच्या घरात राहू लागली. दोन वर्षं गेली. बाई फारशी बोलायची नाही. माझ्या वाघाच्या गोष्टीला सगळ्यांत जास्त हसणारी बाई, आता मी वाघ काढला की उठून पाणी प्यायला जायची.

मग आयकराच्या कार्यालयातून पत्र आलं. बाईच्या पगाराबद्दल. नातेवाइकांना पगार दिला असेल तर त्यांनी खरंच काम केलं का, आणि केलेल्या कामाच्या मानानं पगार वाजवी आहे का, हे बघायचा साहेबाला हक्क असतो. नसेल तर ती वजावट नाकारतात आणि ती रक्कम कंपनीच्या नफ्यात परत धरतात. पत्र होतं नेमकं त्या वर्षाचं, ज्या वर्षी भाऊजी गेले.

"हजेरी रजिस्टर है क्या?" वकीलसाहेबांनी विचारलं.

"है," मी म्हणालो.

नव्हतं. मजुरांची नोंद दादा एका वहीत खुणा मारून ठेवायचा. पण मी ते रजिस्टर असं बनवलं, असं बनवलं, की ब्रह्मदेवानं आमचं गाव त्यावरून बनवलं असतं तरी जमलं असतं. पाच रंगांचे पेन. पानांवर चहाचे डाग, मशीनचं तेल, तांदळाच्या कोंड्याची पूड. दोन दिवस उन्हात वाळवलं, तीन दिवस पोत्यांखाली दाबलं. रविवार कोरे सोडले. पोळा कोरा, दुसऱ्या दिवशीचा तान्हा पोळाही कोरा, कारण त्या दिवशी मिलमध्ये कुणी येत नाही हे पुण्या-मुंबईच्या साहेबाला ठाऊक नसलं तरी मला ठाऊक होतं. असा बारकावा! मग मजुरांचे अंगठे घेतले आणि शेवटी ते बाईसमोर ठेवलं.

"प्रत्येक रकान्यात सही कर."

बारा महिन्यांची बारा पानं. ती दुपारभर सह्या करत बसली. ऑगस्टच्या पानावर एका जागी तिचा पेन थांबला.

"शाई संपली का?" मी विचारलं.

तिनं माझ्याकडे पाहिलं. मी खिशातला दुसरा पेन काढून तिच्या हातात दिला. हिरवा होता, मला वाटलं बरंच झालं, रंग बदलला तर अधिक खरं दिसेल. तिनं तो घेतला आणि सही केली. मग पुढच्या दिवसाची. मग पुढच्या.

साहेब बाईला प्रत्यक्ष बोलावणार हे नक्की होतं. म्हणून तिला तयार करणं आलं. पंधरा दिवस मी तिला रोज सकाळी मिलमध्ये घेऊन जायचो. दादानं हौद दाखवला, बॉयलर दाखवला, धान किती वेळ भिजवायचं, वाफ कधी तोडायची, सगळं. अंगणातल्या बायांनी तिला धान दाताखाली फोडायला शिकवलं. दाणा कट्‌ करून फुटला तर वाळला, दबला तर ओला, आणि भुगा झाला तर करपला. ती पहिल्या दिवशी डोक्यावर पदर घेऊन अंगणाच्या कडेला उभी होती. चौथ्या दिवशी चपला काढून धानात उतरली. दहाव्या दिवशी मी गेलो तर ती मजूरणींवर ओरडत होती. "सावलीतल्या धानाले कोन पालटंल, माहा बुढा का?"

तिचा आवाज मी दोन वर्षांनी ऐकत होतो. दादा बॉयलरजवळून माझ्याकडे बघून नुसता हसला.

गोंदियाला साहेबासमोर मी खिशातून धानाची पुडी काढली, नाटक पूर्ण करायला. बाईनं माझ्याकडे न बघता दोन दाणे उचलले, दाताखाली धरले, आणि म्हणाली, "साहेब, हे आज सकाळचं धान आहे. याले अजून एक पूर्ण ऊन पाहिजे. आत्ता मशीनीत घातलं तर अर्धी कनकी होईल." कनकी म्हणजे तुटका तांदूळ. साहेब मागे टेकून बसले. त्यांनी आणखी दहा प्रश्न विचारले, पण ते चौकशीचे नव्हते, उत्सुकतेचे होते. त्यांच्या घरी भात चिकट होतो त्याचं कारण त्यांनी विचारलं. रजिस्टर चाळून फाईलला लावून घेतलं. पगार मान्य झाला.

बसमधून परत येताना मी एवढा खूश होतो, की शेजारच्या माणसाला सांगितलं, आमच्या बाईला दिल्लीहून बोलावणं आलं आहे, देशाचं धान तपासायला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठच्या भोंग्याला बाई मिलच्या दारात उभी.

"आता कायले आली?" दादानं विचारलं.

"पगार चालू आहे ना माहा?" ती म्हणाली, आणि चपला काढून अंगणात उतरली.

त्यानंतर ती पाच वर्षं रोज आली. आता मी जे सांगतो ते कुणाला फुगवलेलं वाटेल, पण आमच्या उकड्या तांदळाचा पिवळटपणा तिनं घालवला. रायपूरचे व्यापारी माल बघायच्या आधी विचारायचे, वाळवण बाईच्या हातचं आहे का. दिवसातून सहा वेळा धान पालटायचं, म्हणजे सहा वेळा. आभाळ भरून आलं तर मजूरणींच्या आधी तिच्या हातात ताडपत्री. पहिल्या वर्षाच्या शेवटी मी सवयीनं बँकेची स्लिप तिच्यापुढे ठेवली, तर तिनं ती परत सरकवली.

"यंदाचा पगार माह्याजवळ राहू दे."

"काऊन? काय करतेस?"

"घड्याळ घेतो. उशीर होऊन राहिला मले."

तिनं मनगटी घड्याळ घेतलं. आणि एक जाड रजिस्टर, स्वतःच्या पैशानं. त्यात रोज सकाळी वेळ टाकून सही, संध्याकाळी वेळ टाकून सही, आणि बाजूला बारीक अक्षरात काहीबाही. 'दुपारी पाऊस, धान आत घेतलं.' 'दोघी आजारी, पालट कमी.' एकदा तिला ताप आला आणि ती दुपारी घरी गेली, तर स्वतःपुढे 'अर्धा दिवस' लिहून आली, आणि महिनाअखेर तेवढे पैसे कापायला लावले.

"बाई, तू मालकीण आहेस. महिन्याचा पगार आहे तुझा. अर्धा दिवस कोन पाहते?"

"खोटी हजेरी नाई लावायची," ती म्हणाली. आवाज साधाच होता. पण मी त्या दिवशी चहा न घेता मिलमधून निघून गेलो.

आता ती स्वतःचा फॉर्मही वाचून सही करायची. एके वर्षी म्हणाली, "ते जाण्या-येण्याचं दिसून नाई राहिलं इथं?" मी सांगितलं, सरकारनं ती वजावट बंद केली. "पाह्य," ती म्हणाली, "आता कोठी जाऊन राहिली, तं बंद." आणि हसली. भाऊजी गेल्यानंतर ती माझ्यासमोर मोकळी हसली असेल तर तेव्हाच.

पुन्हा पत्र आलं तेव्हा साहेब बदलले होते. नवे साहेब तरुण, हळू बोलणारे. त्यांनी मागल्या वर्षाचे बाईचा, दादाचा आणि माझा असे तिघांचेही पगार तपासायला घेतले होते. वकीलसाहेब आणि मी समोर बसलो. माझ्या पिशवीत बाईचं खरं रजिस्टर होतं. यावेळी मला काहीच बनवावं लागलं नव्हतं, आणि मी छाती काढून बसलो होतो. आयुष्यात पहिल्यांदा खरा पुरावा घेऊन सरकारी कचेरीत आलो होतो म्हणा ना.

साहेबांनी जुनी फाईल उघडली. माझं जुनं रजिस्टर त्यात होतं, चहाच्या डागांसकट. शेजारी बाईचे दरवर्षीचे फॉर्म. त्यात भाऊजींच्या मागे मिळणारं कुटुंब निवृत्तिवेतन दाखवलेलं होतं, आणि पहिल्या वर्षी त्याचे कागद जोडलेले होते. ते मीच जोडले होते, टापटीप दिसावं म्हणून.

"यांच्या पतीचं निधन या तारखेला झालं," साहेब म्हणाले. "देवरीला. आणि त्या दिवशी या आमगावच्या मिलमध्ये हजर आहेत." त्यांनी रजिस्टर माझ्याकडे फिरवलं. "दुसऱ्या दिवशीही. रविवार सोडून तेराव्या दिवसापर्यंत रोज."

हिरवी सही. तिथून पुढे सगळ्या हिरव्या.

पोळा सांभाळला. तान्हा पोळा सांभाळला. एवढा एक दिवस माझ्या डोक्यात आला नाही. आणि तिच्या डोक्यात आला होता, पेन थांबला होता, आणि मी म्हणालो होतो, शाई संपली का.

माझा हात पिशवीकडे गेला. वकीलसाहेबांनी माझ्या पिशवीवर हात ठेवला, म्हणजे उघडू नको. साहेबांनी आम्हाला आठ दिवस दिले. आवाज चढवला नाही, काही मागितलं नाही. उठताना एवढंच म्हणाले, "जे खरं असेल ते लिहून आणा."

बाहेर वकीलसाहेबांनी हिशेब मांडला. खरं रजिस्टर दाखवलं, तर जुन्याशी ताडून बघणार. जुनं खोटं आहे हे कबूल केलं, की खोटा पुरावा दिल्याचं प्रकरण, दंड, आणि दादाच्या व माझ्या पगारावरही कुणी विश्वास ठेवणार नाही. "रास्ता एक ही है. लिहून द्या, की बहीण फक्त भागधारक आहे. पगार नावापुरता लागला, चूक झाली, वजावट सोडतो, टॅक्स भरतो. वाद संपेल. आप दोनों का पगार बच जाएगा."

"पण आता ती काम करून राहिली साहेब," मी म्हणालो. "खरंच करून राहिली."

वकीलसाहेबांनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं, जशी लोक माझ्या वाघाकडे बघतात.

त्या संध्याकाळी दादा आणि मी बॉयलरजवळ बसलो. दादा म्हणाला, "तिनं काही घेतलं नाई आपल्यापासून. एक घड्याळ."

"मंग साहेबाले सगळं खरं सांगून टाकू?"

त्यानं बॉयलरमध्ये फावडंभर तूस टाकलं. त्याच्या मुलीचं लग्न तोंडावर होतं. माझं घर बांधायला काढलं होतं. मिलचे कामगार चाळीस. "तू लिही," शेवटी म्हणाला. "अन् तूच सांग तिले. तुले बोलता येते."

मी लिहिलं. बाईच्या नावानं शपथपत्र, मुद्रांकाच्या कागदावर, चांगल्या मराठीत. 'मी सदर कंपनीची केवळ भागधारक असून, मी कंपनीमध्ये कोणतेही प्रत्यक्ष काम कधीही केलेले नाही. माझ्या नावे दाखविलेला पगार नाममात्र होता.' तिनं काम केलं नव्हतं तेव्हा केलं म्हणून मी लिहिलं होतं आणि तो कागद सरकारनं मानला होता. आता ती करत होती, तर कधीच केलं नाही म्हणणारा हा कागदही सरकार मानणार होतं.

दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत मी अंगणात गेलो. बाई भिंतीच्या सावलीत डबा खात होती. पायांना धानाची पांढरी धूळ, थेट पोटऱ्यांपर्यंत. मी सगळं सांगितलं. बोलता येतं म्हणतात मला, पण त्या दिवशी मी तीनदा अडखळलो. तिनं डबा बाजूला ठेवला, हात धुतला, चष्मा लावला आणि कागद वाचला. शेवटपर्यंत.

"हे कोनं लिवलं?"

"मी."

"चांगलं लिवलं." मग कागदावरची धूळ झटकून, "त्या दिवशीचं मी तुले तेव्हाच सांगतलं असतं बाबू. तू पेन बदलून देल्ला."

मी तिच्या डब्यावर झाकण लावलं.

"सही नाई केली तर काय होते?"

मी सांगितलं. दादाच्या मुलीचं लग्न, मिल, चाळीस माणसं. माझ्या घराचं सांगितलं नाही. तिला ठाऊक होतं.

तिनं सही केली. यावेळी पेन कुठे थांबला नाही. कागद माझ्या हातात देऊन तिनं विचारलं, "मंग उद्यापासून येऊ नाई का?"

"थोडे दिवस, बाई. चार-सहा महिने. साहेब मिल पाहायला येऊ शकतात. मंग पुन्हा ये."

"पगार नको मले. तसंच येतो."

"तसंही नको सध्या."

"बरं," ती म्हणाली. उठली, चपला न घालता धानात गेली आणि उरलेले दोन पालट पूर्ण करून, रजिस्टरमध्ये वेळ टाकून सही करून घरी गेली.

वजावट नाकारली गेली. त्या पैशावर कंपनीनं कर भरला, आणि बाईनं तर आपल्या फॉर्मात आधीच भरला होता. "एकाच पोत्याची दोनदा हमाली झाली," दादा म्हणाला. आमचे दोघांचे पगार राहिले. दंड लागला नाही. वकीलसाहेबांनी पेढे मागितले.

चार-सहा महिने झाले. वर्ष झालं. आम्ही तिला बोलावलं नाही. मुद्दाम असं नाही, पण वकीलसाहेब दरवर्षी म्हणत, अजून फाईल गरम आहे, आणि आम्ही दरवर्षी ऐकत गेलो. पुढे दादानं धान वाळवायचं यंत्रच बसवलं आणि अंगणात ट्रक उभे राहू लागले.

आठचा भोंगा झाला की बाई घरात घड्याळाकडे बघायची. मिलमध्ये जायची नाही, पण संध्याकाळी मी आलो की विचारायची, "आज किती वेळा पालटलं?" यंत्र येण्यापूर्वीची गोष्ट.

"सहा वेळा बाई. तुझ्या नावानं. मजूरणी तर अशा पळत होत्या, अंगणातून ठिणग्या उडाल्या."

ती माझ्या शर्टाच्या खिशात हात घालायची. मिलमधून येणाऱ्या माणसाच्या खिशात दोन-चार दाणे सापडतातच. त्यातला एक दाताखाली धरायची.

"दोनदा पालटलं," म्हणायची. आणि आत जायची.

ती गेली त्याला आता काही वर्षं झाली. आजार मोठा नव्हता, वयही फार नव्हतं. शेवटच्या दिवसांत तिच्या मनगटावर घड्याळ सैल होऊन कोपरापर्यंत जायचं, ती ते पुन्हा पुन्हा खाली ओढून वेळ बघायची.

मृत्यूची नोंद करायला दादा आणि मी गेलो. तिथला बाबू आमच्या ओळखीचा. मी सांगत गेलो, तो फॉर्म भरत गेला. नाव. वय. पतीचं नाव. मग त्यानं विचारलं, "व्यवसाय?"

"घरकाम," दादा म्हणाला.

"नाही," मी म्हणालो. "राईस मिलमध्ये सुपरवायझर होती. वाळवण विभाग."

बाबूनं पेन थांबवला आणि माझ्याकडे पाहिलं. दादानंही पाहिलं.

"पाच वर्षं," मी म्हणालो. "सकाळी आठ ते संध्याकाळी सहा. माझ्या घरी तिचं रजिस्टर आहे. रोजची सही आहे. तापाच्या दिवशी अर्धा दिवस लिहिला आहे. आणून दाखवतो."

बाबू हळूच हसला. दुःखाच्या घरची माणसं म्हणून जपून हसला. "अन् नागझिऱ्याचा तो वाघ काय काम करत होता भाऊ?"

मी दादाकडे पाहिलं. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. मला वाटलं, आता हा बोलेल. त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि बाबूला म्हणाला, "याचं मनावर घेऊ नका. शपथपत्र दिलेलं आहे आमचं. लिहा तुम्ही."

बाबूनं लिहिलं, घरकाम. मग फॉर्म माझ्याकडे फिरवून सहीची जागा दाखवली. माझा पेन थोडा वेळ थांबला.

"शाई संपली काय?" म्हणून त्यानं आपला पेन पुढे केला.